कोकणात मंडळी जमवून 'लव्हलेस' ऐकायचा तर: तयारीपासून आवराआवरीपर्यंत

डिसेंबरात मुंबई-पुण्याची मित्रमंडळी कोकणात उतरतात, कुणाच्या तरी बॅगेत स्पीकर असतो आणि ठरतं, या वेळी अख्खा अल्बम एकत्र ऐकायचा. मग स्पीकर वाळूत रोवतात. तिसऱ्या गाण्याला कुणी सुरमईचा भाव विचारायला उठतं, पाचव्याला कुणाच्या घरून फोन येतो, आणि अल्बम संपून ॲप भलतंच काही वाजवायला लागलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दरवर्षी हे असंच आणि याच क्रमाने चुकतं.

उदाहरणाला 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या रॉक बँडचा १९९१ सालचा 'लव्हलेस' हा अल्बम घेतला आहे. ११ गाणी, साधारण ४८ मिनिटं. गिटारींचे थर एकमेकांत मिसळलेले, गाणाऱ्यांचे आवाज त्यांच्या तळाशी, आणि दोन गाण्यांच्या मध्ये शांतता जवळपास नाहीच. यजमानाची एकही चूक हा अल्बम पोटात घालत नाही. याच्यासाठी केलेली तयारी दुसऱ्या कुठल्याही इंडी रॉक अल्बमला पुरून उरेल.

१. दिवस आणि वेळ

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. कारण हवा छान असते हे नव्हे. पंखा बंद ठेवता येतो, हे. छताच्या पंख्याची घरघर आपल्या कानाला सवयीची झालेली असते, पण हळू वाजणारं सगळं तीच खाते. मे महिन्यात घर चाकरमान्यांनी भरलेलं, खळ्यात आंब्याच्या पेट्या ठोकणं चालू, आणि पंख्याशिवाय दहा मिनिटं बसवत नाही. पावसात ऐकायला मजा येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी पत्र्याखाली बसून श्रावणातली एक सर ऐकावी आणि मग ठरवावं. कौलांखाली जरा बरं, पण बाहेर बेडूक असतातच. गणपती आणि शिमगा सोडा. पालखी दारात आली की अल्बम बंदच करावा लागतो, आणि तो करायलाच हवा.

वेळ साडेचारची. दुपारची झोप झालेली, चहा झालेला, आणि ४८ मिनिटांनी दिवेलागणीच्या आत मोकळे. दिवेलागणीला शेजारी डोकावतात, देवळात आरतीची झांज वाजते आणि डास आत येतात. ही वेळ जमत नसेल तर जेवणं लवकर उरकून रात्री आठला बसा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवता येत नाहीत. बंद खोलीला यात सूट आहे, पण कौलारू घर कुठल्या अर्थाने बंद? कौलांच्या फटींतून आवाज सगळ्या वाडीला जातो.

पाहुणे आदल्या दिवशी पोचलेले हवेत. कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी मार्गाची. गाडी क्रॉसिंगला थांबली की थांबली. स्टेशनवरून थेट माजघरात आलेला माणूस पहिली वीस मिनिटं गाडीच कशी लेट झाली ते सांगणार.

तपासणी: शेजारी आदल्या दिवशीच सांगून ठेवलंय ना? 'आजी, उद्या साडेचारपासून तासभर आमच्याकडे जरा विचित्र गाणी वाजतील, काही बिघडलंय असं समजू नका,' एवढं पुरतं. न सांगता वाजवलंत तर दुसऱ्या गाण्याला कुणीतरी काळजीने दारात उभं राहील.

२. जागा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण जागा डोळ्यांनी निवडली जाते.

समुद्रकिनारा नको. उघड्यावर आवाजाला परत फिरवायला भिंत नसते. स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि खालचे सूर, म्हणजे बास, सगळ्यांत आधी हरवतात. त्यात लाटांचा आवाज म्हणजे सलग, पसरलेली सळसळ. 'लव्हलेस'मधल्या गिटारीही तशाच सलग आणि पसरलेल्या. दोन्ही एकमेकांत विरघळतात आणि हातात नुसता ढोल उरतो. मग कुणीतरी आवाज वाढवतं, छोटा स्पीकर फाटायला लागतो, आणि 'हा अल्बम असाच आहे' असा गैरसमज पक्का होतो. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर याच थंडीच्या महिन्यांत कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री वाळूवर दिवे आणि गोंगाट नकोच. हर्णैसारख्या बंदरालगत घर असेल तर मासळीच्या लिलावाची वेळ सोडून बसा.

ओटी आणि पडवीही नको. तिथून रस्ता दिसतो, रस्त्यावरून माणूस जातो, आणि ओटीवर बसलेल्याने जाणाऱ्याला 'काय, कुठे निघालात?' विचारलं नाही तर तो उद्धटपणा ठरतो. ओटीचा धर्मच बोलण्याचा आहे.

माजघर घ्या. जांभ्याची, गिलावा न केलेली भिंत असेल तर उत्तमच. तो दगड भोकाभोकांचा आणि खडबडीत. त्यावर आपटून आवाज विखुरतो. नव्या बांधकामात गिलावा, ऑइलपेंट आणि खाली चकचकीत लाद्या असतात. अशा खोलीत मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे टणत्कार ऐकू आला तर स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगा, खाली चटया आणि वर घोंगडी अंथरा, आणि पुन्हा टाळी वाजवा. टणत्कार गेला की थांबा. चारी भिंती झाकल्यात तर खोली मेल्यासारखी होते.

मग दहा मिनिटं गप्प बसून खोली ऐका. फ्रिज, विहिरीवरचा पंप, माळ्यावरच्या सैल फळ्या, भिंतीवरचं घड्याळ. पंपाची वेळ आधीच उरकून घ्या. घड्याळाचा सेल काढून ठेवा. मांडणीतली भांडी बासबरोबर थरथरतात. स्टीलची फुलपात्री एकात एक घातलेली असतील तर हमखास. त्यांच्यामध्ये फडकी सारा.

३. वीज

अल्बम अर्ध्यावर तुटला तर पुन्हा पहिल्यापासून लावायचा, हा नियम आधीच ठरवा. म्हणजे विजेची काळजी सगळ्यांनाच राहील.

इन्व्हर्टरवर अवलंबून असाल तर आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून पाच मिनिटं वाजवून बघा. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर बऱ्याच ॲम्प्लिफायरमधून गुरगुर येते. साइन वेव्हवर सहसा येत नाही. बॅटरी पुरेल का, ही चिंता बहुधा फुकटची. शंभर वॅट घेणारी यंत्रणा ४८ मिनिटांत जेमतेम ८० वॅट-तास खाते. खरी अडचण वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणाची असते. त्या झटक्याने ॲम्प्लिफायर बंद पडत असेल तर सुरुवातीपासूनच इन्व्हर्टरवर चालवा.

वीज असतानाही गुरगुर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुतेक वेळा दोष त्याचाच असतो. लॅपटॉप भरून घ्या आणि बॅटरीवर चालवा.

सावधान: वळवाच्या किंवा परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. आणि हेडफोनवर ऐकू म्हणून चार्जिंगला लावलेला फोन कानाशी धरू नका.

४. अल्बमची प्रत

फोनवरून वाजवणार असाल तर अल्बम आधीच उतरवून घ्या. दरीतल्या वाडीत नेटवर्क अंगणातल्या एकाच फणसाखाली मिळतं, आणि वीज जास्त वेळ गेली की टॉवरही बसतो. उतरवून झालं की फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि तसाच वाजवून खात्री करा. फुकटचं खातं चालणार नाही, मध्ये जाहिरात आली की संपलं.

त्यानंतर ॲपच्या सेटिंगमध्ये जा. शफल बंद. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारा क्रॉसफेड शून्य. दोन गाण्यांमधलं अंतर काढून टाकणारा गॅपलेसचा पर्याय चालू. सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशन बंद. इक्वलायझर बंद, आणि 'बास बूस्ट' नावाचं बटण कुठे असेल तर तेही. शेवटी ऑटोप्ले बंद. हे राहिलं तर 'सून' हे शेवटचं, सातेक मिनिटांचं गाणं विरतं न विरतं तोच ॲप 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून दुसरा कुठला बँड सुरू करतं. आख्ख्या तासाची माती करायला तेवढं पुरतं.

गॅपलेसवर मी एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. या अल्बममध्ये बरीच गाणी संपता संपता एखादा छोटा, तरंगता तुकडा येतो आणि त्यातूनच पुढचं गाणं निघतं. मध्ये अर्ध्या सेकंदाची खाच पडली तरी कानाला टोचते.

तपासणी: यादीत ११ गाणी आहेत ना? २०१२ सालच्या दोन सीडींच्या संचात हाच अल्बम दोन वेगवेगळ्या मास्टरवरून, म्हणजे मूळ टेपांवरून, दोनदा आहे. तो कॉम्प्युटरवर उतरवताना दोन्ही एकत्र झाले तर प्रत्येक गाणं दोनदा वाजेल. एकच फोल्डर ठेवा.

रेकॉर्ड असेल तर काळजी निराळी. मुंबईहून येताना ती गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका; जेवणासाठी थांबलात तेवढ्या उन्हात वाकडी होते. आडवी नाही, उभी ठेवा. इथल्या दमट हवेत कव्हरवर बुरशी येते, ती पदराने किंवा शर्टाने पुसली की थेट खाचांत जाते. कार्बन फायबरचा मऊ ब्रश वापरा. टर्नटेबल समपातळीत आहे का ते गवंड्याकडच्या पाणसळीने बघा, कारण सारवलेली जमीन कधीच सपाट नसते. माळ्यावर मांडू नका, पावलागणिक सुई उडेल. आणि स्पीकर व टर्नटेबल एकाच टेबलावर ठेवलंत तर बासची थरथर सुईतून परत स्पीकरात जाते आणि घुमायला लागते.

५. स्पीकर मांडणं

मंडळी चटईवर बसणार, म्हणजे कान जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. स्पीकर मात्र सवयीने टेबलावर किंवा कपाटावर ठेवतात आणि आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. स्पीकरमधला छोटा गोल, ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा.

कोकणात यासाठी स्टँड विकत घ्यायची गरज नाही, घरामागे चिरे पडलेले असतात. ते धुऊन वाळवा, हवी तेवढी उंची होईपर्यंत एकावर एक ठेवा, हलवून बघा, आणि वर घोंगडीची घडी ठेवून त्यावर स्पीकर. चिरा जड, तो थरथरत नाही. लाकडी पेटी, पलंग, पोकळ कपाट यांवर स्पीकर ठेवला की तेच वाजायला लागतात. चिऱ्याची लाल धूळ मात्र नीट झटका.

दोन स्पीकरांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच त्यांच्यापासून मधल्या माणसापर्यंत. भिंतीपासून किमान दीड-दोन फूट पुढे. कोपऱ्यात अजिबात नको, तिथे बास फुगतो आणि आधीच खोल असलेले गाणाऱ्यांचे आवाज साफ बुडतात. एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तरी हरकत नाही, पण शक्य असेल तर तो वायरने जोडा. ब्लूटूथवर कुणाचा तरी दुसरा फोन येऊन जोडला जातो, आणि तो नेमका कुणाचा हे शोधण्यात गाणं जातं.

तपासणी, आणि ही चुकवू नका: सगळं मांडून झालं की सगळ्यांना तोंडपाठ असलेलं दुसरंच एखादं गाणं लावा, स्वच्छ आवाजातलं मराठी भावगीत उत्तम. शब्द स्पष्ट येतात का, सूर हलत तर नाही ना, आवाज दोन्ही बाजूंनी सारखा आहे का? इथे खात्री करून घ्या, कारण 'लव्हलेस' सुरू झाल्यावर ती करता येत नाही. बँडचा गिटारवादक केविन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा, म्हणजे तारांचा ताण कमीजास्त करणारी दांडी, हातात धरूनच वाजवतो, त्यामुळे सूर सतत लवतो. नवख्याला वाटतं टेप ओढली जातेय, रेकॉर्ड वाकलीय. भावगीत सरळ वाजलं असेल तर यंत्र ठीक आहे. हात लावू नका.

६. माणसं

पाच ते आठ. त्यापेक्षा जास्त झाली की ती सभा होते आणि सभेत कुणीतरी बोलायला उठतंच.

अल्बम पाठ असलेले आणि पहिल्यांदा ऐकणारे असे दोन्ही असावेत. नवख्यांना मधोमध बसवा, जाणकार कडेला. जाणकारांना हे आवडत नाही, पण त्यांना कुठूनही ऐकलं तरी चालतं. त्यांना एकच ताकीद द्या: 'आता बघ काय येतं' म्हणायचं नाही. खाकरायचंही नाही.

फोन एका टोपलीत, ती टोपली स्वयंपाकघरात. नुसते सायलेंट ठेवले तर जमिनीवर थरथरतात. घरातल्या मोठ्यांना बसायचं असेल तर आनंदाने बसवा, फक्त मागच्या दाराजवळ, म्हणजे कंटाळा आला की संकोच न करता उठता येईल. काकूंनी मध्ये येऊन 'घावणे घालू का रे?' विचारू नये असं वाटत असेल तर साडेचारच्या आत खाऊन घ्या. ऐकताना काही खायचं नाही. पापड, चकली, शेंगा तर नाहीच. प्यायला पाण्याचा तांब्या पुरे. बाटल्या नंतर.

मुंबईत अडकलेला मित्र 'व्हिडिओ कॉलवर ऐकव' म्हणेल. नाही म्हणा. कॉलचं ॲप माणसाचं बोलणं सोडून बाकीचा सलग आवाज गोंगाट समजून कापतं, आणि या अल्बममध्ये सलग आवाजच तर आहे. त्याने आपली प्रत तिकडे घड्याळ लावून साडेचारलाच सुरू करावी आणि रात्री फोन करावा.

७. आवाज किती आणि सुरुवात कशी

हा बँड प्रत्यक्ष कार्यक्रमात इतक्या जोरात वाजवतो की प्रेक्षकांना कानात घालायला बोळे वाटतात. माजघरात त्याची नक्कल करायची नाही. फोनवरच्या डेसिबल मापकाने मधल्या चटईवर सरासरी ८० ते ८५ दिसलं की बस. मापक नसेल तर शेजारी बसलेल्याशी बोलताना आवाज चढवावा लागला पाहिजे, ओरडावं लागता कामा नये. याहून हळू लावलात तरी चुकलं. हळू आवाजात वरचे थर गायब होतात आणि अल्बम सपाट वाटतो.

हा आवाज सकाळीच ठरवून घ्या, बटणावर खडूची खूण करा. पहिलं गाणं 'ओन्ली शॅलो' ढोलाच्या चार झटपट ठोक्यांनी सुरू होतं आणि लगेच गिटारी कोसळतात. ठोक्यांवरून आवाज लावलात तर गिटारींना सगळे दचकून कान झाकतात, यजमान बटणाकडे धावतो, आणि सुरुवातच वाया जाते. मोजमाप पहिल्या अर्ध्या मिनिटानंतरचं धरा.

क्रम असा: सगळे बसले, पाणी जवळ, मागचं दार लोटलेलं, कडी नाही. कुत्रा बाहेर. मोठा दिवा बंद. मग दोन मिनिटं नुसतं बसायचं. ही दोन मिनिटं लोकांना अवघड वाटतात, कुणीतरी हसतं. हसू द्या, थांबेल. त्यानंतरच बटण दाबा.

सावधान: भाषण नको. अल्बमला किती स्टुडिओ लागले, रेकॉर्ड कंपनी खरंच बुडायला आली होती का, हे सगळं नंतर.

८. वाजत असताना

यजमानाचं काम आता काहीही न करणं हे आहे. तरी तीन ठिकाणी हात शिवशिवतात.

तिसरा तुकडा 'टच्ड' एक मिनिटाचाही नाही, आणि इतका विचित्र डुलतो की काही अडकलंय असं वाटतं. अडकलेलं नाही. दुसरं, शब्द कळत नाहीत म्हणून कुणीतरी ते शोधायला फोन मागेल. देऊ नका. गायिका बिलिंडा बुचर आणि शील्ड्स यांचे आवाज मुद्दामच वाद्यांच्या पातळीला ठेवलेले आहेत; ते वाद्यासारखेच ऐकायचे. तिसरं, मधल्या तरंगत्या तुकड्यांना गाणं संपलं समजून लोक हालचाल करतात, पाय मोकळे करतात, 'भारी!' म्हणतात. यजमान हलला नाही की बाकीचेही हलत नाहीत.

रेकॉर्ड असेल तर बाजू पालटताना कुणी उठायचं नाही, पालटणारा सोडून. सीडी किंवा फोनवर मध्ये थांबायचंच नाही.

कुणाला झोप लागली तर लागू द्या. घोरायला लागला तरच कोपराने ढोसा. वीज गेली तर ठरल्याप्रमाणे पहिल्यापासून; पंधरा मिनिटांत आली नाही तर रात्री आठला. अर्ध्यावरून पुढे लावायचा मोह टाळा.

९. संपल्यावर

लगेच दिवा लावू नका, लगेच चहाही नको. मिनिटभराने कुणीतरी आपणहून बोलेल. बोलण्याचा क्रम मात्र यजमानाने सांभाळायचा: पहिल्यांदा ऐकणारा आधी, ज्याला पाठ आहे तो शेवटी. उलट झालं तर जाणकाराचं मत हेच सगळ्यांचं मत होतं आणि नवखा 'हो, छान होतं' म्हणून गप्प बसतो. 'कुठलं गाणं आवडलं?' असं विचारू नका, नावं त्याच्या लक्षात राहिलेली नसतात. 'कुठे कंटाळा आला?' विचारा. त्याचं उत्तर खरं येतं, आणि बहुतेकदा तिथूनच वाद पेटतो.

एखाद्याला अजिबात आवडलं नसेल तर पटवायला बसू नका. दुसऱ्या दिवशी तोच भाग लावा म्हणेल किंवा म्हणणार नाही. लगोलग दुसरा अल्बम लावणं ही सगळ्यांत नेहमीची चूक; कान थकलेले असतात, आणि दुसऱ्यावर उगाच अन्याय होतो. कोकम सरबत काढा, सोलकढी-भाताची तयारी करा, रेकॉर्ड कंपनीचा वाद आता खुशाल घाला.

आवराआवर त्याच रात्री करा. खारी हवा वायरींच्या टोकांना आठवडाभरात हिरवट करते. टोकं कोरड्या फडक्याने पुसा, स्पीकर आणि वायरी सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात घाला, रेकॉर्ड आतल्या कागदी पाकिटासकट उभी करून कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. घड्याळात सेल परत घाला. चिरे जिथून आणले तिथे नेऊन ठेवा, विंचू बघून.